दिवस आम्ही मोजतोच आहोत, ते नीट मोजायला शिकवा

प्रति,
मुंबईतल्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टर, कुटुंब नियोजनाच्या खोलीत बसणाऱ्या सिस्टर आणि घरोघर फिरणाऱ्या आरोग्यसेविका यांस,

सप्रेम नमस्कार.

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे कालनिर्णय टांगलेलं असतं. त्यावर दुधाचे खाडे असतात, सिलिंडर लावल्याची तारीख असते, भिशीचा आकडा असतो. आणि दर महिन्याला एका चौकोनाच्या कोपऱ्यात बॉलपेनने केलेली बारीक फुली असते. माझ्या आईच्या कॅलेंडरवर ती होती, माझ्या कॅलेंडरवर आहे, आणि हळदीकुंकवाला ज्या ज्या घरी जाते तिथल्या स्वयंपाकघरातही मला ती दिसते. पाळी कधी आली हे लक्षात राहावं म्हणून ती केलेली असते, हे तुम्हाला सांगायला नको. पण बऱ्याच घरांत त्या फुलीला आणखी एक काम असतं. तिच्यापासून दिवस मोजून नवरा-बायको ठरवतात की आज चालेल की नाही. मला तुमच्याशी त्या मोजणीबद्दल बोलायचं आहे.

मी भांडुपला राहते. वय ४४, दोन मुलं, एका खाजगी कंपनीत हिशेब लिहिते. हे पत्र बरीच वर्षं मनात होतं. माझी मुलगी आता वीस वर्षांची झाली, परवा तिने तिच्या मोबाइलमधलं पाळीचं ॲप मला दाखवलं आणि म्हणाली, "आई, हे हिरवे दिवस सेफ असतात ना?" त्या रात्री मी लिहायला बसले.

माझा धाकटा दीड वर्षाचा होता तेव्हाची गोष्ट. मोठीनंतर मी तांबी बसवली होती. पाळीत दहा-दहा दिवस जायला लागलं. सकाळची लोकल, उभ्याने प्रवास, ऑफिसात बाथरूमची पंचाईत. शेवटी काढून टाकली. धाकट्यानंतर गोळ्या घेतल्या तर डोकं धरायचं आणि उलट्या व्हायच्या. निरोध नवऱ्याला नको होता, खरं सांगायचं तर मलाही नको होता. मग चुलत जावेने सांगितलं तसं दिवस बघायला लागलो. पाळी आल्यापासून दहाव्या दिवसापासून अठराव्यापर्यंत सांभाळायचं, बाकी बिनघोर. एवढंच तिचं गणित. सात महिने आम्ही ते काटेकोर पाळलं. आठव्या महिन्यात पाळी आली नाही.

ज्या दवाखान्यात गेले तिथल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "काय वापरत होतात?" मी म्हटलं, "दिवस बघत होतो." त्या सिस्टरकडे बघून हसल्या. म्हणाल्या, "शिकलेल्या दिसता, आणि असलं काय करता?" केसपेपरवर एक रकाना होता, सध्याचं साधन. त्यापुढे त्यांनी माझ्यासमोर लिहिलं, "काही नाही."

मी गर्भपात करून घेतला. कायद्याने, व्यवस्थित, आठ आठवड्यांच्या आत. त्याचं दुःख वेगळं, ते इथे मांडत नाही. पण "काही नाही" हे दोन शब्द माझ्या डोक्यातून गेले नाहीत. सात महिने मी रोज मोजत होते. चुकत होते, पण मोजत होते. आणि मी कुठे चुकले हे त्या खोलीत मला कुणीही सांगितलं नाही. तांबी परत बसवा किंवा ऑपरेशन करून घ्या, एवढं सांगून पुढच्या बाईला हाक मारली.

माझी चूक दोन मिनिटांत सांगण्यासारखी होती. माझी पाळी २४ दिवसांनी यायची, कधी २५, क्वचित २८-२९. जावेचं गणित २८ दिवसांच्या बाईचं. अंडाशयातून बाईचं बीज सुटल्यापासून पुढची पाळी यायला साधारण १४ दिवस लागतात. हा मागचा भाग फारसा हलत नाही, लांबतो-आखडतो तो पुढचा. म्हणजे मोजायचं तर येणाऱ्या पाळीपासून मागे मोजायला हवं, आणि आम्ही सगळ्या गेलेल्या पाळीपासून पुढे मोजत बसतो. २४ दिवसांच्या बाईचं बीज दहाव्या दिवसाच्या आसपास सुटतं. बीज स्वतः जेमतेम बारा ते चोवीस तास टिकतं, पण पुरुषाचं बीज चांगल्या स्रावात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतं. मग सातव्या दिवशी आम्ही बिनघोर होतो तेच नेमके धोक्याचे दिवस. जुन्या कॅलेंडर पद्धतीचाही नियम असा आहे की किमान सहा पाळ्या लिहून ठेवायच्या, एका पाळीपासून पुढच्या पाळीपर्यंतचे दिवस म्हणजे एक चक्र, त्यांतल्या सगळ्यांत छोट्या चक्रातून १८ वजा करायचे आणि सगळ्यांत लांब चक्रातून ११. माझे २४ वजा १८ म्हणजे सहावा दिवस, आणि २९ वजा ११ म्हणजे अठरावा. सहाव्यापासून अठराव्यापर्यंत सांभाळायचं. मी हिशेब लिहिणारी बाई, ही वजाबाकी मला कुणी सांगितली असती तर मी चुकले नसते असं मला आजही वाटतं.

ही वजाबाकी मला दोन वर्षांनी समजली, आणि ती दवाखान्यात नाही. आमच्या ऑफिसात वसईच्या एक ताई होत्या, ख्रिस्ती. लग्नाआधी चर्चमध्ये जो वर्ग होतो त्यात त्यांना आणि त्यांच्या होणाऱ्या नवऱ्याला हे सगळं एकत्र बसवून शिकवलं होतं. डबा खाताना त्यांनी मला पहिल्यांदा कागदावर रेघ मारून दाखवलं. त्यांच्या चर्चला दुसरी साधनं मान्य नाहीत म्हणून ते शिकवतात. मला तशी काही अडचण नाही. मला तांबीही चालली असती, शरीराला सोसली असती तर. पण माझ्या मनात तेव्हापासून एक प्रश्न आहे. आपल्या शरीरात महिनाभर काय चालतं हे कळायला बाईने विशिष्ट धर्मात जन्म का घ्यावा लागावा? ही तर तुमच्या खोलीत मिळायची गोष्ट.

त्या ताईंनी मला पहिली गोष्ट शिकवली ती कॅलेंडरची नव्हतीच. त्यांनी विचारलं, "पांढरं जातं का तुला?" मी घाबरले. कारण त्यासाठी मी लग्नानंतर दोनदा गोळ्यांचे कोर्स केले होते. आपल्याकडे अंगावरून पांढरं जातं म्हटलं की बाई खचते. अशक्तपणा आहे, हाडं झिजतात, काहीतरी रोग आहे असं तिला वाटतं, आणि आजूबाजूच्या बायका तसंच सांगतात. ताई म्हणाल्या, "रोज जातं की महिन्यातले काही दिवस? खाज आहे? वास येतो? दह्यासारखं आहे?" मी नाही म्हटलं. मग म्हणाल्या, "भेंडी चिरताना सुरीला तार येते ना, तशी तार येते का दोन-तीन दिवस?"

येत होती. वयाच्या तेराव्या वर्षापासून येत होती. पाळी संपली की दोन-तीन दिवस कोरडे जायचे, मग चिकट, ओल्या पिठासारखं काहीतरी, आणि मग एक दिवस निसरडं, पारदर्शक, दोन बोटांत धरलं तर न तुटता ताणलं जाणारं. दोन-तीन दिवसांनी पुन्हा कोरडं. ती तार म्हणजे बीज सुटायची वेळ जवळ आल्याची खूण. गर्भाशयाच्या तोंडाशी हा स्राव तयार होतो, पुरुषबीजाला त्यातूनच वाट मिळते, त्यातच ते जगतं. माझं शरीर दर महिन्याला मला सांगत होतं, आणि मी ते रोग समजून औषध घेत होते. डॉक्टर, तुमच्याकडे अशा किती बायका येत असतील. ज्यांना खरंच संसर्ग आहे त्यांना औषध द्यायलाच हवं. पण ज्यांना नाही त्यांना, "हे चांगलं आहे, याचा अर्थ असा," हे एक वाक्य सांगायला किती वेळ लागतो? मूल हवं असलेल्या आणि वर्षानुवर्षं वाट बघणाऱ्या बाईलाही हेच वाक्य उपयोगी आहे.

आणि हे फक्त शिकलेल्या बायकांना जमतं असं कृपा करून म्हणू नका. ऑस्ट्रेलियातल्या जॉन आणि एव्हलिन बिलिंग्ज या डॉक्टर जोडप्याने ही स्राव बघण्याची पद्धत बसवली. जागतिक आरोग्य संघटनेने ती पाच देशांत तपासून पाहिली, त्यातलं एक केंद्र आपल्या बंगळूरला होतं. शिकवल्यावर पहिल्याच चक्रात दहातल्या नऊहून जास्त बायकांना आपली खूण ओळखता आली, आणि त्यांत लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकाही होत्या. मात्र त्याच अभ्यासात हेही दिसलं की खूण ओळखूनही जोडपी त्या दिवसांत थांबत नाहीत आणि मग दिवस राहतात. हे दोन्ही खरं आहे आणि दोन्ही सांगायला हवं.

दुसरी गोष्ट तापमानाची. बीज सुटल्यावर अंगाचं तापमान थोडं चढतं आणि पुढच्या पाळीपर्यंत चढलेलंच राहतं. त्यासाठी सकाळी उठल्या उठल्या, पाय खाली टेकायच्या आत, किमान तीन तास सलग झोप झालेली असताना मोजायचं. आता मुंबईतल्या बाईचं उठणं तुम्हाला माहीत आहे. आमच्याकडे तेव्हा पाणी पावणेपाचला यायचं. नळाचा पहिला आवाज आला की मी बादल्या लावायला धावायचे. मग थर्मामीटर उशीखाली ठेवायला लागले आणि गजर साडेचारचा लावला. थर्मामीटर तोंडात धरून मी अंधारात पडून राहायचे, तो वाजला की नवरा मोबाइलच्या उजेडात आकडा वाचून वहीत लिहायचा. ९७.३, ९७.४, ९७.२, ९७.४. मग एक दिवस ९७.९. दुसऱ्या दिवशी ९८. तिसऱ्या दिवशी परत ९८. आधीच्या सहा दिवसांपेक्षा सलग तीन दिवस वर, आणि तारही आटलेली. त्या संध्याकाळपासून पाळी येईपर्यंत मोकळीक. ताप असला, जाग्रण झालं, मुलाने रात्रभर उठवलं तर त्या दिवसाच्या आकड्याभोवती गोल करायचा आणि तो धरायचा नाही. वही अजून आहे माझ्याकडे, दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. त्यातलं बहुतेक अक्षर नवऱ्याचं आहे.

अकरा वर्षं आम्ही असं केलं. दिवस राहिले नाहीत. पण मी एकटी म्हणजे पुरावा नव्हे, हे मला कळतं, म्हणून मोठ्या अभ्यासाचं सांगते. जर्मनीत ९०० बायकांच्या १७,६३८ चक्रांची नोंद ठेवून तापमान आणि स्राव दोन्ही बघायच्या पद्धतीचा अभ्यास झाला, तो २००७ साली प्रसिद्ध झाला. नियम तंतोतंत पाळणाऱ्यांत वर्षाला शंभरात एकीलाही दिवस राहिले नाहीत, आणि सगळ्या वापरणाऱ्या धरल्या तरी शंभरात दोघींपेक्षा कमी. त्या बायका नीट शिकलेल्या होत्या, त्यांना विचारायला शिक्षक होते. नुसतं दिवस बघून, अर्धवट ऐकून केलं तर हाच आकडा वर्षाला शंभरात वीस-बावीसपर्यंत जातो. निरोध रोजच्या वापरात साधारण तेरा, गोळ्या सात, तांबी एकाच्याही खाली, आणि काहीच नाही केलं तर पंच्याऐंशी. हे आकडे बाईसमोर ठेवा. ती ठरवेल. दोन आणि बावीस यांच्यातलं अंतर शिकवण्याचं आहे, आणि शिकवणं तुमच्या हातात आहे.

हा विषय या शहराला नवा नाही. गिरगावात १९२१ साली र. धों. कर्वे यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं, देशातलं ते पहिलं मानतात. प्राध्यापकाची नोकरी गेली, मासिकातल्या लेखनाबद्दल खटले झाले, पण १९५३ मध्ये जाईपर्यंत त्यांनी काम सोडलं नाही. आणि कर्वे सुरुवात करत होते तेव्हा बीज नेमकं कधी सुटतं हे जगातल्या डॉक्टरांनाही नक्की ठाऊक नव्हतं! जनावरांच्या माजाशी तुलना करून एकोणिसाव्या शतकातले नावाजलेले डॉक्टर सांगायचे की पाळीच्या आसपास गर्भ राहतो, मधले दिवस सुरक्षित. बरोब्बर उलटं. आपल्याकडे मनुस्मृतीत ऋतूच्या, म्हणजे गर्भ राहण्याजोग्या, सोळा रात्री सांगितल्या आहेत, आणि माझी आजी म्हणायची, "न्हाऊन झालं की लगेच राहतं." १९२४ मध्ये जपानच्या क्युसाकू ओगिनो यांनी आणि पाठोपाठ ऑस्ट्रियाच्या हेरमान क्नाउस यांनी पुढच्या पाळीपासून मागे मोजण्याचं सूत्र दाखवलं. त्याला शंभर वर्षं झाली. माझ्या जावेपर्यंत ते पोचलं नव्हतं.

सरकारने प्रयत्न केला नाही असं नाही. राजकुमारी अमृत कौर आरोग्यमंत्री असताना, १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला, अमेरिकेचे डॉ. अब्राहम स्टोन यांना बोलावून दिल्लीच्या लोदी कॉलनीत आणि म्हैसूरकडच्या रामनगरम् इथे दिवस मोजण्याचे प्रयोग केले. बायकांना रंगीत मण्यांच्या माळा दिल्या, रोज एक मणी सरकवायचा, एका रंगाचे मणी धोक्याचे. काही बायकांचा समज झाला की मणी सरकवला की झालं, मणीच गर्भ राहू देत नाही, असं त्या प्रयोगाबद्दल सांगतात. प्रयोग फसला आणि पद्धत बदनाम झाली ती कायमची. पुढे अमेरिकेतल्या जॉर्जटाउन विद्यापीठाने तीच कल्पना सुधारून नवी माळ काढली, ती झारखंडमध्ये मालाचक्र नावाने वापरली गेली. तिचा नियम सोपा आहे, आठव्या ते एकोणिसाव्या दिवसापर्यंत टाळायचं. पण ती ज्यांची पाळी २६ ते ३२ दिवसांत येते त्यांच्यासाठीच आहे. मी ती वापरली असती तर सातव्या दिवशी पुन्हा फसले असते. म्हणून म्हणते, माळ देण्याआधी बाईला तिची पाळी किती दिवसांनी येते हे विचारायला माणूस लागतो.

माझ्या मुलीच्या ॲपचंही तेच आहे. ते मागच्या तारखांची सरासरी काढतं आणि हिरवे-लाल ठिपके दाखवतं. अमेरिकेत दोनशेहून जास्त बायकांची रोजची लघवी तपासून एक अभ्यास झाला होता. दिवस राहण्याजोगे दिवस चक्रात सहाच असतात, बीज सुटतं तो दिवस आणि आधीचे पाच, हे त्यातून नक्की झालं. आणि हे सहाही दिवस चक्राच्या दहाव्या ते सतराव्या दिवसाच्या आत बसतात अशा बायका फक्त ३० टक्के निघाल्या. बाकीच्यांचे काही ना काही दिवस त्याबाहेर. नुसत्या तारखांवर ठिपके देणाऱ्या ॲपला हे कळणार कसं? मी मुलीला सांगितलं, हा ठिपका अंदाज आहे, तुझी तार खरी. तिने तोंड वाकडं केलं, पण ऐकलं.

आता तुमच्यातले काही म्हणतील की एवढं सगळं शिकवायचं कुणाला, किती बायकांना हे हवं आहे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे बघा. देशातल्या विवाहित बायकांत १०.२ टक्के पारंपरिक पद्धतींवर आहेत, म्हणजे मुख्यतः दिवस मोजणं आणि नवऱ्याने ऐनवेळी बाहेर येणं. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत त्या ५.७ टक्के होत्या. गोळ्या घेणाऱ्या ५.१ टक्के आणि तांबी बसवलेल्या २.१ टक्के. म्हणजे गोळी आणि तांबी मिळूनही जेवढ्या होत नाहीत त्याहून जास्त बायका आज कॅलेंडर आणि नवऱ्याच्या भरवशावर आहेत. तुमच्या भिंतीवरच्या तक्त्यात गोळी आहे, तांबी आहे, अंतरा इंजेक्शन आहे, छाया ही बिनहार्मोनची गोळी आहे, निरोध आहे, ऑपरेशन आहे. दहातली ही एक बाई त्या तक्त्यात नाही, आणि केसपेपरवर तिच्यापुढे "काही नाही" लिहिलेलं आहे.

मी ही पद्धत सगळ्यांनी घ्यावी म्हणून लिहीत नाही. उलट एक प्रसंग सांगते. आमच्या खालच्या मजल्यावरच्या एका वहिनींना कळलं की मला हे येतं. दुपारी येऊन बसल्या, म्हणाल्या, "मला पण शिकव, इंजेक्शनची भीती वाटते." त्यांचा नवरा आठवड्यातून तीन-चार रात्री पिऊन येतो हे सगळ्या मजल्याला माहीत आहे. मी त्यांना विचारलं, "तुम्ही आज नको म्हटलं तर ते ऐकतील का?" त्या बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "नाही गं." मी त्यांना शिकवलं नाही. त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेले, त्यांनी तांबी बसवली. ज्या घरात बाईच्या "नको"ला किंमत नाही तिथे ही पद्धत द्यायची म्हणजे तिला फसवणं आहे. तिथे तिच्या एकटीच्या ताब्यातलं साधनच हवं. पण हा प्रश्न तिला कुणी विचारतच नाही. तुम्ही विचारा. नवऱ्याला बाहेर बसवून, आवाज खाली करून विचारा.

आणखीही कुणाला ही पद्धत देऊ नये ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पीसीओडीमुळे जिची पाळी दोन-दोन महिने येत नाही, जी नुकतीच बाळंत झाली, जिने नुकत्याच गोळ्या किंवा इंजेक्शन थांबवलं, जिची पाळी जायला आली आहे, किंवा जिच्या जिवाला पुन्हा गरोदर राहणं धोक्याचं आहे. आणि एचआयव्हीपासून किंवा दुसऱ्या लैंगिक आजारांपासून दिवस मोजून काहीही संरक्षण मिळत नाही, हे तर ठणकावून सांगायला हवं. मी स्वतः चाळिशीनंतर पाळी पुढे-मागे व्हायला लागली तशी हे सोडलं. आता निरोध वापरतो.

माझं मागणं काय ते सांगते. केसपेपरवर "काही नाही" लिहू नका. "दिवस मोजते" असं लिहा आणि लगेच पुढचा प्रश्न विचारा, कशी मोजता? त्या एका प्रश्नाने निम्म्या चुका तिथेच सापडतील. तिची मागच्या सहा महिन्यांची चक्रं किती दिवसांची होती ते बघा. तिला तारेबद्दल सांगा. धोक्याच्या दिवसांत निरोध वापरला तरी चालतं हे सांगा, कारण बऱ्याच जणींना वाटतं की एक तर हे नाहीतर ते. चुकलंच तर ७२ तासांच्या आत घ्यायची गोळी असते, आणि त्यानंतरही पद्धत निकामी ठरून दिवस राहिले तर कायद्याने गर्भपात करता येतो, २०२१ च्या दुरुस्तीनंतर अविवाहित मुलीलासुद्धा, हेही त्याच बैठकीत सांगा. आणि नवऱ्याला बोलवा. कुटुंब नियोजनाच्या खोलीबाहेरच्या बाकावर मी आजपर्यंत एकही पुरुष बसलेला पाहिलेला नाही. आकडा लिहायला त्याला शिकवलं तर तो लिहितो, मी पाहिलं आहे.

आणि बाळंतिणींचं. लसीकरणाच्या दिवशी दीड महिन्याची बाळं घेऊन आलेल्या आया तासभर रांगेत बसलेल्या असतात. त्यांच्यातल्या निम्म्याजणींना कुणीतरी सांगितलेलं असतं की अंगावर पाजतेस तोवर दिवस राहत नाहीत. हे अर्धंच खरं आहे. बाळंतपणानंतर पाळी परत आलेली नसेल, बाळ फक्त अंगावरच पीत असेल, दिवसा आणि रात्रीही, वरचं दूध-पाणी काही नसेल, आणि बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल, या तिन्ही गोष्टी असतील तरच खात्री, आणि मग ती ९८ टक्के आहे. तीनपैकी एक जरी गेली तरी दुसरं साधन लागतं. कामावर परत जायचं म्हणून तिसऱ्या महिन्यात वरचं दूध सुरू करणाऱ्या बायका मुंबईत घरोघरी आहेत. त्या फसतात त्या इथे. रांगेत बसलेल्या बाईला हे तीन प्रश्न आरोग्यसेविका ताईंनी उभ्या उभ्या विचारले तरी पुरे. त्याला औषध लागत नाही, खोली लागत नाही.

मला माहीत आहे, तुमच्या ओपीडीत एका बाईला पाच मिनिटं मिळतात. सिस्टरना रजिस्टरं भरायची असतात, आशाताईंवर तर वीस कामं. ही पद्धत शिकवायला दोन-तीन बैठका लागतात आणि वर्षभर कुणीतरी विचारपूस करावी लागते. म्हणून एक उपाय सुचवते. जिथे बायका आधीच जमतात तिथे या. आमच्या बिल्डिंगमध्ये दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी चारला भिशी असते, गच्चीखालच्या रिकाम्या खोलीत. वीस-बावीस बायका असतात, त्यांत निम्म्या तिशीच्या आतल्या. माझी निळी वही मी तिथे घेऊन येते, ती उघडून दाखवायची माझी तयारी आहे, नवऱ्याचीही आहे. पण मी हिशेब लिहिणारी बाई. मी सांगितलं तर जावेने सांगितल्यासारखंच होईल. पांढऱ्या कोटातल्या माणसाने किंवा सिस्टरनी सांगितलं तर त्या ऐकतील, आणि मला जे येत नाही ते तुम्हाला विचारता येईल.

कुठल्याही महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी या. जिना अंधारा आहे, खाली आलात की हाक मारा, मी घ्यायला येते.

आपली,
भांडुपची एक आई